अंगावर काढलेली दुखणी

८ जानेवारी १६८७. पॅरिसच्या एका चर्चमध्ये मोठा संगीतसोहळा चालला होता. फ्रान्सचा राजा चौदावा लुई नुकताच एका अवघड शस्त्रक्रियेतून उठला होता. तो बरा झाला म्हणून देवाचे आभार मानायला दरबारी संगीतकार झाँ-बातिस्त लुली यानं भलामोठा वाद्यवृंद जमवला होता. त्या काळी वाद्यवृंदाला ताल द्यायचा तर जाडजूड काठी जमिनीवर आपटत. रंगात आलेल्या लुलीची काठी जमिनीऐवजी त्याच्याच पायावर बसली. बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि सडत सडत वर चढू लागली. कापल्याशिवाय इलाज नाही, असं वैद्यांनी सांगितलं. लुली काही केल्या कबूल होईना. २२ मार्चला तो गेला.

लुली आज ओळखला जातो तो ऑपेराचा रचनाकार म्हणून, पण दरबारात त्याचं बस्तान बसलं ते नाचामुळे. १६५३ साली ‘रात्रीचा बॅले’ या रात्रभर चाललेल्या प्रयोगात चौदा वर्षांचा लुई सूर्याच्या वेशात नाचला होता आणि त्याच प्रयोगात विशीतला लुलीही नाचला होता. स्वररचना बसून करता येते, नाचाला पाय लागतात. ज्या राजासाठी तो सोहळा होता त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली आणि तो पुढे २८ वर्षं जगला. त्याच्या नर्तकानं ती नाकारली. जखम बोटाला झाली होती, जीव मात्र एका निर्णयापायी गेला.

बॅलेच्या पुढच्या तीन शतकांत असे निर्णय रोजच घेतले गेले, बहुतेक वेळा पडद्यामागे आणि गुपचूप. दुखापतीचा सगळा हिशेब घोटे, गुडघे आणि कंबर यांच्या नावावर मांडला गेला. थांबायचं की नाचत राहायचं हे नर्तक कशाच्या धास्तीनं ठरवतो, याची विचारपूस वैद्यकानं सुरू केली त्याला जेमतेम चाळीस वर्षं होताहेत.

लुईनं १६६१ मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली. त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां यानं पायांच्या पाच मूळ अवस्था पक्क्या केल्या. आजही जगातल्या कुठल्याही बॅलेच्या वर्गात पहिला धडा त्यांचाच असतो. या पाचही अवस्थांचा पाया म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहणं, म्हणजेच ‘टर्नआउट’. पुढे हे वळण वाढत वाढत दोन पावलांची एक सरळ रेषा व्हावी इथपर्यंत आलं. हे वळण यायला हवं खुब्यातून. पण मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत किती फिरेल हे बरंचसं हाडांच्या घडणीवर ठरतं आणि बहुतेकांचा खुबा तेवढा फिरत नाही. मग उरलेलं वळण विद्यार्थी गुडघ्यातून आणि घोट्यातून चोरतात. पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेलं, गुडघा पुढे पाहणारा आणि मधल्या नडगीला पीळ, असं शरीर रोज कित्येक तास उभं राहतं. हे दुखणं एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं.

अठराव्या शतकात हा खुबा जबरदस्तीनं फिरवण्यासाठी एक यंत्रच निघालं होतं. विद्यार्थ्याचे पाय त्यात अडकवून बाहेर वळवत. १७६० साली ‘नृत्याविषयीची पत्रं’ लिहिणाऱ्या झाँ-जॉर्ज नोव्हेर यानं या यंत्राला कडाडून विरोध केला. शरीराला सवय लावावी, त्याची मोडतोड करू नये, असं त्याचं म्हणणं होतं. यंत्र यथावकाश गेलं. मात्र गुरूच्या नजरेत भरण्यासाठी स्वतःच स्वतःचा पाय पिळण्याची वृत्ती काही गेली नाही.

मारी तालिओनी ही नर्तिका त्या वृत्तीची पहिली जगप्रसिद्ध मानकरी. तिचा जन्म १८०४ चा. अंगानं किडकिडीत, हात लांब, पाठ किंचित वाकलेली. पॅरिसच्या नृत्यवर्गात तिच्या पाठीवरून टिंगल होई. व्हिएन्नामध्ये १८२२ साली तिचं रंगमंचावर पदार्पण ठरलं, तेव्हा वडील फिलिपो तालिओनी यांनी तिची तयारी पाहिली आणि ती नापास ठरवली. मग सहा महिने रोज सहा तास बाप-लेकीची तालीम चालली. तिचे दोन-दोन तासांचे तीन भाग होते. सकाळी पायांचे व्यायाम, मग एका पायावर तोल धरून शंभर आकडे होईपर्यंत एकेक मुद्रा, आणि रात्री उड्या. उडी मारून खाली येताना आवाज होता कामा नये अशी वडिलांची ताकीद होती. कधी कधी शेवटी तिला घेरी येई. आई तिचं अंग पुसून कपडे बदलायची. हे सगळं तालिओनीनं पुढे आठवणींत लिहून ठेवलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले रंगमंचावर आला. पांढऱ्या झिरझिरीत घागऱ्यातली तालिओनी त्यात वनदेवता झाली होती. तिच्याआधीही काही नर्तिका पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहिल्या होत्या, पण ती कसरत वाटे. तालिओनीनं त्या कसरतीतले कष्टच दिसेनासे केले. ती जमिनीला जेमतेम टेकते आहे, तिला वजनच नाही, असं लोकांना वाटलं. बॅलेचं नशीब त्या रात्री बदललं. यापुढे नर्तिकेचं पहिलं काम ठरलं ते श्रम लपवणं. श्रम लपवायचे तर वेदनाही लपवावी लागते. चेहऱ्यावरचं स्मित न ढळता अंगठ्याचं नख उखडू देणं हा त्या कलेचाच भाग झाला.

तालिओनीच्या पायात साधे साटिनचे बूट होते, बोटांजवळ आणि कडेला दोऱ्यानं रफू करून बळकट केलेले. आजचा पॉइंट शू त्याच वंशातला, पण टणक. बोटांभोवतीची डबी कापड आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून वाळवलेली असते, तळव्याखाली कडक पट्टी असते. नवा बूट पायात सरकवला की नाचता येतच नाही. नर्तिका आधी त्याला बडवते. कुणी दाराच्या फटीत घालून दाबते, कुणी जिन्याच्या पायरीवर आपटते, कुणी पट्टी मधोमध मोडून तिचा तुकडा कापून टाकते. मग टोकाचं साटिन कापायचं, रिबिनी आपल्या हातानं शिवायच्या, टोक राळेच्या भुकटीत घोळायचं. एवढं करून मोठ्या भूमिकेत तो जोड एका प्रयोगात मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी नवा जोड घेऊन पुन्हा बडवाबडवी. मऊ बुटात नाचलं तर घोट्याला धोका आणि नव्यात नाचलं तर कातडीला. दोन्हीतलं कोणतं निवडायचं, हा हिशेब पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दररोज करते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरातल्या अशा शिकाऊ मुलींना ‘उंदरं’ म्हणत. बहुतेक गरीब घरांतल्या, आईनं बोट धरून आणलेल्या. हजेरी चुकली की दंड आणि फार चुकली की कायमची रजा. एदगार दगा या चित्रकाराच्या ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’ या १८८१ साली प्रदर्शनात मांडलेल्या मेणाच्या शिल्पासाठी उभी राहिलेली मारी व्हान खुथेम ही त्यांच्यातलीच. पुढच्याच वर्षी गैरहजेरीवरून ऑपेरानं तिला काढून टाकलं. आजारपण परवडणं ही चैन होती आणि ती या मुलींच्या वाट्याला नव्हती.

ज्यांना परवडत होतं त्यांचं काय, याचं उत्तर एमा लिव्रीच्या हकिगतीत आहे. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, ‘ला सिल्फीद’मधूनच तिनं पदार्पण केलं. खुद्द तालिओनी तिच्यावर इतकी खूश झाली की तिला शिकवायला पॅरिसमध्ये येऊन राहिली आणि १८६० मध्ये तिच्यासाठी ‘फुलपाखरू’ हा बॅले बसवला. रंगमंच त्या वेळी गॅसच्या उघड्या ज्योतींनी उजळत असे आणि मलमलीचे घागरे पेटून नर्तिका भाजल्याच्या घटना युरोपभर घडत होत्या. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये फर्मान निघालं की रंगमंचावरचे कपडे आग न लागणाऱ्या रसायनात भिजवूनच वापरावेत. पण त्या रसायनानं घागरा ताठ होई, रंग मळकट दिसे. लिव्रीनं ऑपेराला लेखी कळवलं की ती साध्याच घागऱ्यात नाचेल आणि जे होईल त्याची जबाबदारी तिची.

१५ नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत घागरा सावरताना त्याला गॅसची ज्योत लागली. पेटलेल्या कपड्यांनिशी ती रंगमंचभर धावली. आग विझवेपर्यंत शरीराचा मोठा भाग भाजून निघाला होता. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. वय वीस. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयानं जपून ठेवले आहेत. हिच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, उलट कायदा तिच्या बाजूनं होता. तरी वजनरहित दिसण्याच्या ध्यासापुढे कायदा लंगडा पडला.

हा ध्यास पुढे रशियात गेला आणि तिथून जगभर फिरला. तिथली नर्तिका आना पावलोवा हिची पावलं अरुंद होती, कमान फार उंच. म्हणून ती बुटाच्या तळाशी कडक चामडं घाली. ही लबाडी आहे, असं समकालीन नर्तिका म्हणत. तिचा तांडा १९२२ मध्ये मुंबईतही येऊन गेला. भारतातलं नृत्य पाहायला मिळत नाही म्हणून ती खंतावली. तिनंच पुढच्या वर्षी लंडनमध्ये उदय शंकर यांना सोबत घेऊन ‘राधा-कृष्ण’ सादर केलं. लीला सोखी, म्हणजे पुढे खंडाळ्यात नृत्यालय काढणाऱ्या मादाम मेनका, यांना नृत्याकडे वळायला बळ दिलं तेही तिनंच. वर्षानुवर्षं आगगाड्या आणि बोटींतून चाललेला हा प्रवास १९३१ च्या जानेवारीत हेगमध्ये थांबला. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. शस्त्रक्रियेनंतर नाचता येणार नसेल तर शस्त्रक्रियाच नको, असं तिनं सांगितल्याची हकीगत तेव्हापासून सांगितली जाते. लुलीनंतर अडीचशे वर्षांनीही हे उत्तर कुणाला विचित्र वाटलं नाही, उलट त्याचं कौतुक झालं.

मनाची हीच ताकद दुसऱ्या दिशेनंही चालते. क्यूबाची नर्तिका आलिसिया आलोन्सो १९४१ मध्ये वीस वर्षांची होती. तिच्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाल्या आणि डोकं न हलवता महिनोन्‌महिने पडून राहण्याचा हुकूम झाला. हसायचंही नाही, मान वळवायची नाही. पती फर्नांदो तिच्याजवळ बसत आणि दोघं बोटांनी नाचत. दोन बोटं म्हणजे दोन पाय, चादर म्हणजे रंगमंच. ‘जिझेल’ या बॅलेतली अख्खी भूमिका तिनं अशी पाठ केली. २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुख्य नर्तिका आजारी पडली आणि आलोन्सोनं ती भूमिका केली. तिची नजर अधू झालेली होतीच. पुढची कित्येक वर्षं रंगमंचावर ठराविक ठिकाणी लावलेल्या दिव्यांच्या खुणांवर ती नाचली. बिछान्यातल्या त्या तालमीला पुढे मानसशास्त्रानं नाव दिलं, पद्धत बसवली. आलोन्सोनं ती केली हट्टापोटी.

इंग्लंडची नर्तिका मार्गो फाँटेन हिचं नाचत राहण्यामागचं कारण अधिक व्यावहारिक होतं. १९६४ मध्ये तिच्या पतीवर पनामात गोळ्या झाडल्या गेल्या, ते मानेखाली लुळे पडले. त्यांच्या शुश्रूषेचा खर्च मोठा होता. संधिवातानं पाऊल दुखत असताना ती साठीपर्यंत नाचत राहिली. प्रेक्षकांना दिसली ती निष्ठा, पण तिच्यामागे दवाखान्याची बिलंही होती.

न्यूयॉर्कमध्ये या सगळ्याला नवं वळण मिळालं ते नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीन यांच्या हाताखाली. १९३४ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले उभा केला. त्यांना हवी होती उंच, लांब पायांची, वेगवान नर्तिका. कथानक आणि भरजरी पोशाख जाऊन साधा तंग पोशाख आला आणि शरीराची प्रत्येक रेघ उघडी पडली. कलेला यानं मोठं दान मिळालं यात शंका नाही. त्यांच्या कितीतरी नर्तिका त्यांना देवासमान मानत. त्यांच्यापैकी सुझान फॅरेल १९८७ मध्ये कृत्रिम खुबा बसवून घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा रंगमंचावर आली.

दुसरी बाजू १९८६ मध्ये बाहेर आली. गेल्सी कर्कलंड पंधराव्या वर्षी त्या संस्थेत दाखल झाली होती, अठरा वर्षांची व्हायच्या आत ‘फायरबर्ड’ या बॅलेची नायिका. पुढे प्रसिद्ध नर्तक मिखाइल बॅरिशनिकोव्ह यांची जोडीदार म्हणून अमेरिकेला ती घरोघर माहीत झाली. ‘डान्सिंग ऑन माय ग्रेव्ह’ या आत्मकथनात तिनं लिहिलं ते वाचून नृत्यविश्व हादरलं. उपासमार, खाऊन ओकून टाकणं, चेहऱ्यावर आणि शरीरावर करून घेतलेल्या शस्त्रक्रिया, कोकेनचं व्यसन, आणि या सगळ्याच्या मधोमध सुजलेल्या टेंडनवर केलेले प्रयोग. बॅलनशीन यांनी तिच्या छातीच्या फासळ्यांवर टिचकी मारून हाडं दिसायला हवीत असं सुचवलं, असं ती लिहिते. उडीनंतर टाच पूर्ण न टेकवण्याच्या त्यांच्या पद्धतीवरही तिनं बोट ठेवलं. बॅलनशीन १९८३ मध्येच वारले होते, उत्तर द्यायला ते नव्हते. त्यांच्या बाजूनं अनेकजणी उभ्या राहिल्या, वाद रंगला. पण एक गोष्ट त्यामुळे घडली. इतके दिवस कपडे बदलायच्या खोलीत कुजबुजलं जाणारं उघड्यावर आलं.

योगायोग असा की त्याच वर्षी वैद्यकाच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मिशेल वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ व्यावसायिक बॅले नर्तिका तपासल्या होत्या. सरासरी वय चोविशीचं. त्यांच्यातल्या २४ टक्के जणींचा कणा वाकडा होता, ६१ टक्के जणींचं कधी ना कधी हाड मोडलं होतं आणि त्यातही बहुतेक स्ट्रेस फ्रॅक्चर होते, म्हणजे घाव न बसता, रोजच्या वापरानंच हाडाला गेलेले तडे. पाळी जितकी उशिरा आली होती तितकं हे प्रमाण जास्त. कारण सरळ आहे. अन्न कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि वाढीच्या वयात हाडं भरत नाहीत. अशा हाडांवर हजारो उड्या पडल्या की तडा जातो. फोटोत दिसणारं फ्रॅक्चर पावलातलं असलं तरी त्याची सुरुवात ताटावर झालेली असते. आणि मुलगी ताट का सरकवते, याचं उत्तर क्ष-किरणांत सापडत नाही.

त्या निबंधाच्या लेखकांत एक जोडपं होतं. विल्यम हॅमिल्टन हे अस्थिरोगतज्ज्ञ १९७० च्या दशकापासून न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या नर्तकांवर उपचार करत होते. लिंडा हॅमिल्टन त्याच संस्थेत नाचलेल्या, नंतर मानसशास्त्रज्ञ झालेल्या. घरात एकीकडे घोटा आणि दुसरीकडे मन, असा तो संसार. १९८९ मध्ये दोघांनी अमेरिकेतल्या दोन नामांकित संस्थांमधल्या २९ आघाडीच्या नर्तक-नर्तिकांच्या स्वभावाच्या, ताणाच्या आणि दुखापतींच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. सर्वाधिक दुखापती झालेल्यांमध्ये आढळला तो कुवतीपेक्षा जास्त ओढून नेणारा, यशाचा ध्यास घेतलेला स्वभाव. निवडीच्या वेळी गुरूला जो गुण हवा असतो, नेमका तोच.

हे घडतं कसं, याचा एक आराखडा क्रीडामानसशास्त्रात १९८८ मध्ये मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स यांनी मांडला होता. मनावर ताण असला की दोन गोष्टी होतात. स्नायू नको तेव्हा आवळले जातात, आणि लक्षाचा परीघ आक्रसतो. बाजूनं येणारा जोडीदार, रंगमंचाची कडा, बुटाखालची ओल हे ध्यानातून सुटतं. घरातलं आजारपण, प्रेमभंग, नवीन दिग्दर्शक, भूमिका जाण्याची भीती यांतलं काहीही या ताणात भर घालतं. आधार देणारी माणसं आणि ताण निभावण्याची सवय असली तर तो उतरतो. थकवा या सगळ्याला खतपाणी घालतो. शेवटच्या तालमीतली शेवटची उडी चुकते ती तंत्र येत नाही म्हणून नव्हे.

ब्रिटनमध्ये १९९६ आणि २००५ साली नर्तकांच्या प्रकृतीच्या दोन मोठ्या पाहण्या झाल्या. दोन्हींत सुमारे ८० टक्के नर्तकांनी मागच्या वर्षभरात निदान एक दुखापत झाल्याचं सांगितलं. कारणांमध्ये थकवा आणि अतिश्रम ठळकपणे पुढे आले. दुखापत सांगायची कुणाला, हा वेगळाच प्रश्न. भूमिका-वाटपाचा कागद फळ्यावर लागतो. त्यात प्रत्येक मोठ्या नावाखाली बदली नर्तिकेचं नाव असतं. पोटरी दुखते असं म्हटलं की आज बदलीला संधी, आणि ती चांगली नाचली तर उद्याही तिलाच. म्हणून आधी बर्फ, मग पट्टी, मग वेदनाशामक गोळी आणि शेवटी डॉक्टर असा क्रम लागतो. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर आठवड्याचं दुखणं हंगामाचं झालेलं असतं. अन्‌ विश्रांती सक्तीची झाली की नवाच घोर लागतो. सहाव्या वर्षापासून ज्या मुलीनं नाचाखेरीज स्वतःची दुसरी ओळख ठेवलेली नाही, तिला सहा आठवडे घरी बसवणं म्हणजे अख्खं आयुष्य गुंडाळून ठेवायला सांगणं.

मन सुधारून दुखापत कमी होते का, हे पाहायचा एक नेटका प्रयत्न कोरियात झाला. यंग-उन नोह, टोनी मॉरिस आणि तेच मार्क अँडरसन या तिघांनी ३५ बॅले नर्तिकांचे तीन गट पाडले. एका गटाला काहीच शिकवलं नाही. दुसऱ्याला शरीर सैल सोडण्याचं तंत्र शिकवलं. तिसऱ्याला त्याबरोबरच डोळ्यांपुढे हालचाल उभी करणं आणि स्वतःशी धीराचं बोलणं शिकवलं. हे शिक्षण १२ आठवडे चाललं आणि त्यानंतर ४८ आठवडे दुखापतींच्या नोंदी ठेवल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तिसऱ्या गटातल्या मुली काहीच न शिकलेल्यांपेक्षा कमी काळ जायबंदी राहिल्या. गट लहान होते, त्यामुळे या एका प्रयोगावर फार मोठा डोलारा उभारता येत नाही. पण आलोन्सोनं चादरीवर बोटांनी जे केलं, ते इथे वेळापत्रक लावून शिकवलं गेलं.

महाराष्ट्राला दुखणं अंगावर काढून नाचणाऱ्यांच्या कथा परक्या नाहीत. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांना ऐन प्रयोगात कळा लागल्या, पडद्यामागे बाळंत होऊन दगडानं नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीगत गावोगाव सांगितली जाते आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. फडाचा खर्च, पुढची सुपारी, सोबतच्या माणसांची पोटं यांचा हिशेब त्या कथेत क्वचितच येतो. मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या बस अपघातानंतर जखम सडल्यामुळे कापावा लागला. जयपूर फूट बसवून, रक्त येईतो सराव करून त्या १९८४ मध्ये पुन्हा भरतनाट्यम्‌ नाचल्या. त्यांच्यावरच्या ‘मयूरी’ आणि ‘नाचे मयूरी’ या चित्रपटांत मुख्य भूमिका त्यांनीच केली. दोघींच्या धैर्याबद्दल वाद नाही. मात्र अशा कथा ऐकत वाढलेली मुलगी घोटा सुजल्यावर सरांना सांगायला कचरते, तेव्हा तिच्या कानात काय घुमत असतं याचा अंदाज करता येतो.

नर्तकांसाठी खास वैद्यक आता उभं राहिलं आहे. नृत्यवैद्यक आणि नृत्यशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९९० मध्ये स्थापन झाली. मोठ्या बॅले संस्थांच्या इमारतीतच आता फिजिओथेरपिस्ट बसतात. त्यांच्यात मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन बॅलेचं नाव आदरानं घेतलं जातं. तिथे फिजिओथेरपिस्ट सू मेस यांच्या चमूनं ताणून स्नायू सैल करण्यापेक्षा टाच उचलून पोटरी बळकट करण्यावर भर दिला आणि शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा उपाय ठेवला.

त्यांच्या दारात २०१५ च्या अखेरीस डेव्हिड हॉलबर्ग आला. २०११ मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेनं मुख्य नर्तक म्हणून घेतलेला हा पहिला अमेरिकी. न्यूयॉर्क, मॉस्को आणि अधल्यामधल्या डझनभर शहरांत तो एकाच हंगामात नाचत होता आणि डावा घोटा दुखत असूनही आमंत्रणं नाकारत नव्हता. २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी, तरी पाऊल भार घेईना. मेलबर्नमध्ये त्यानं जवळपास सगळ्यांशी संपर्क तोडला. दिवसभर शिकाऊ मुलासारखा टाचा उचलण्यापासून सुरुवात. आपण पुन्हा नाचणार नाही असं त्यानं स्वतःशी कबूल केलं होतं, आणि चमूला घोट्याइतकंच त्या कबुलीवरही काम करावं लागलं. ‘ए बॉडी ऑफ वर्क’ या २०१७ च्या आत्मकथनात त्यानं दुखणं दडवत नाचलेल्या त्या हंगामांचा पाढा सविस्तर वाचला आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये तो परतला. मॉस्को किंवा न्यूयॉर्कच्या मुख्य रंगमंचावर नव्हे, सिडनीत, ‘कोपेलिया’ या हलक्याफुलक्या बॅलेत. पुढे काही वर्षं नाचून त्यानं थांबायचं ठरवलं. २०२१ च्या जानेवारीत तो ऑस्ट्रेलियन बॅलेचा कलादिग्दर्शक झाला. कुणी कुठली भूमिका करायची आणि तिच्या खाली बदली म्हणून कुणाचं नाव लिहायचं, हे ठरवायचं काम आता त्याच्याकडे आलं.